शांततेची शाळा नळदुर्गला

युवक हे शांततेच्या कामातील भागीदार आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०१५ रोजी २२५० क्रमांकाच्या ठरावाने एकमताने मान्य केले. युवक-विकास आणि शांतता यांच्या नावाने आज देशोदेशी कार्यक्रम चालतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शांतता निर्माण होते ती कशी, याचे उत्तर परिषदांच्या अहवालांत शोधण्यापूर्वी आपण एकवार नळदुर्गकडे पाहावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे जमीनदोस्त केली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे केले. या नावात ‘अनाथ’ हा शब्द नाही, ही गोष्ट लहान नव्हे. दयेने पोट भरते. आपलेपणाने माणूस उभा राहतो. ४ जून १९४१ रोजी स्थापन झालेल्या सेवा दलाने शाखा, श्रमदान आणि कलापथक यांतून तरुणांना जो संस्कार दिला, त्याचीच ही परिणती होय.

जगाचा अनुभवही निराळा नाही. स्वित्झर्लंडचे पिएर सेरेझोल यांनी १९२० साली, महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या व्हेर्दूंजवळच्या एका खेड्यात, कालच्या शत्रुराष्ट्रांतील स्वयंसेवकांना एकत्र आणून घरबांधणी आरंभिली. स्थानिक रोषामुळे ते काम लवकरच थांबले. कल्पना मात्र जगली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेझोल सहकाऱ्यांसह भारतात येऊन पुनर्वसनासाठी राबले. एकाच भिंतीसाठी दगड वाहणाऱ्या हातांना एकमेकांवर दगड उचलणे जड जाते, हे त्यामागील साधे सूत्र आहे.

या सूत्राची आपल्या जिल्ह्याला विशेष गरज आहे. रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेले हल्ले, दोन्ही या मातीने पाहिले. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली होती. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव करताच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविण्यात आल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. अशा जखमा भाषणांनी भरत नाहीत.

म्हणूनच एक इशारा दिला पाहिजे. समतेवाचूनची शांतता ही दबलेल्यांची मुकी सहनशीलता असते. ऊसतोडीसाठी कोयता घेऊन आईबापांमागे जाणाऱ्या मुलाला, पदवी घेऊन बेकार बसलेल्या तरुणाला बंधुतेचे धडे देणारा कार्यक्रम त्याच्या रोजगाराविषयी मौन बाळगीत असेल, तर ती त्याची वंचना आहे. त्याच्या रिकाम्या हातांत द्वेषाचा झेंडा देणारे टपूनच बसलेले आहेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे? सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींची शाखा वर्षभर चालवावी, दुष्काळी गावांत श्रमशिबिरे घ्यावीत आणि त्याच तरुणांना घेऊन रोजगार हमीच्या कामासाठी तहसीलवर मोर्चा न्यावा. रचना आणि संघर्ष हे दोन मार्ग नव्हेत, एकाच वाटेवरची दोन पावले आहेत. भूकंप येण्याची वाट न पाहता आपण ती टाकली पाहिजेत.