शेवटच्या पानावरच्या लाटा

नववीतल्या पोराने विज्ञानाच्या वहीत लाटा काढल्या म्हणून त्याच्या बापाचा एक दिवसाचा रोज बुडवून त्याला शाळेत बोलावून घेतलं, हे मला पटलेलं नाही. शाळा आपल्याच किनारपट्टीवरची आहे. नाव लिहीत नाही, कमेंटमध्येही कुणी लिहू नका.

पोरगा सुट्टीत गोव्यात आश्वेला मामाकडे जातो, तिथेच सर्फिंग शिकला. आपल्याकडे अजून सर्फिंग म्हणजे गोऱ्यांचे चाळे. टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, २०२५ला महाबलिपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. पण ते जाऊ द्या, मुद्दा वहीचा आहे.

बापाने वही माझ्यापुढे ठेवली. “भाऊ, तुमीच बघा. माका तर ह्यात काय वायट दिसणा नाय.”

बघितली. एका पानावर उंच उभी राहिलेली लाट, माथ्यावरचे तुषार मागे समुद्राकडे उडतायत, बाजूला बाण आणि ‘मतलई, सकाळी ७’. पुढच्या पानावर तशाच लाटेचा पार चुरा, बाण उलटा, ‘खारा वारा, दुपार’. खारे वारे, मतलई वारे आपण सगळ्यांनी भूगोलात घोकलेत. दिवसा हे, रात्री ते, संपलं. त्या वाऱ्याने लाटेचं काय होतं हे मला तरी शाळेत कुणी शिकवलं नाही. या पोराने ते फळीवर पडून बघितलंय.

सर म्हणतात, लक्ष नसतं. असेलही तसं. इंग्लंडमध्ये जॅकी अँड्रेड या संशोधक बाईंनी ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला होता. ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त आठवलं, असं त्यांनी २००९ साली मांडलं. आता चौकोन रंगवणं वेगळं आणि अख्खी लाट काढणं वेगळं, त्यामुळे मी त्यावर फार जोर देत नाही. पण आपल्याच राज्यात इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो ना? त्या परीक्षेत ‘अ’ श्रेणी आली की दहावीला ७ गुण वाढीव. तिथे आठवून काढलं तर गुण, वर्गात काढलं तर बापाला बोलावणं!

आणि सर्वांत शेवटचं पान. दोन्हीकडे लाटा फुटतायत, मधे एक शांत, गडद पट्टा, त्यातून बाण थेट आत समुद्राकडे. पर्यटक फसतो तो इथेच. लाट नाही म्हणून त्याला ती जागा सुरक्षित वाटते आणि परत जाणारं पाणी त्याला ओढून नेतं. सर्फिंगवाले मुद्दाम त्याच वाटेने आत जातात, हात मारायचे कष्ट वाचतात म्हणून. पोराने खाली लिहिलंय, ‘अडकला तर सरळ किनाऱ्याकडे नाय, आडवा पोहायचा.’

आपल्या किनाऱ्यावरच्या बोर्डावर काय आहे? ‘समुद्रात उतरणे धोक्याचे आहे. हुकुमावरून.’ कुठे, का, अडकलो तर काय करायचं, काही नाही. माणसं तो बोर्ड वाचून, त्याच्याखाली चपला काढून पाण्यात उतरतात. दरवर्षी बुडाल्याची बातमी मलाच करावी लागते.

सरपंचांशी बोललोय, पत्रा पंचायतीचा. रंगाचे पैसे मी देतो. शाळेने त्या पोराला एक शनिवार मोकळा सोडावा. दिवाळीची गर्दी यायच्या आत ते शेवटचं पान बोर्डावर गेलं पाहिजे.