गोठ्याभोवती : डुकरांच्या कांडीत मळी किती घालावी?

साखर कारखान्याच्या आसपास डुकरे पाळणाऱ्यांच्या मनात एक हिशेब नेहमी घोळत असतो. मका महाग, मळी त्या मानाने स्वस्त. मग मका कमी करून मळीच का वाढवू नये? डुकराला गोड आवडते आणि कांडीही घट्ट वळते. हे खरे आहे, पण थोड्या मळीपुरतेच.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे मळी म्हणून दोन वस्तू ओळखल्या जातात. रस गाळून उरणारा काळा लगदा शेणखतासारखा शेतात जातो. तो जनावराला घालायचा नाही. आपण बोलतो आहोत ती साखर काढून घेतल्यावर उरणारी दाट, काळपट पातळ मळी. शंभर किलो मळीत २० ते २५ किलो पाणी आणि जवळपास ४५ ते ५० किलो साखर असते. हल्ली इथेनॉलसाठी काढतात त्या बी-हेवी मळीत साखर याहून जास्त राहते, म्हणून घेताना कोणती आहे ते विचारावे.

साखर पुष्कळ दिसली तरी मळी म्हणजे मका नव्हे. वजनाला वजन धरले तर डुकराला मळीतून मक्याच्या दोन तृतीयांश इतकीच शक्ती मिळते. अंगी लागणारी प्रथिने तर जवळजवळ नाहीतच. म्हणून मळी घालताना पेंड वाढवावी लागते. शंभर किलो खाद्यातून ६ किलो मका काढला, तर त्या जागी ५ किलो मळी आणि १ किलो सोयाबीन पेंड घालावी. आता आपल्या बाजारच्या भावाने दोन्हींची किंमत मांडून पाहा. मळीचे वाहतूक-भाडे आणि पिंपांचा खर्च विसरू नका. मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, तेव्हा परवान्याची चौकशी केल्याशिवाय पिंपे भरून आणू नयेत.

कांडीत शंभराला ३ ते ५ किलो मळी पुरे. तेवढ्याने भुसा उडत नाही, कांडी बांधली जाते आणि जनावर चवीने खाते. त्यापुढे गेलात की चकतीच्या छिद्रांत माल चिकटतो, कांडी मऊ पडते, पोत्यात तिचे ढेकूळ होते. भरडा, पेंड, क्षार हे सगळे कोरडे नीट मिसळून झाल्यावर मळी बारीक धारेने सोडावी. एकदम ओतली तर गुठळ्या होतात. एका डुकराच्या वाट्याला नुसती मळी येते, दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही. थंडीत मळी घट्ट होते. ती ४० अंशांच्या आसपास कोमट करावी, उकळू नये.

सर्वांत मोठी चूक पोती भरताना होते. यंत्रातून निघालेली कांडी गरम असते. ती गरमच भरली तर पोत्यात घाम धरते. साखर मुळातच हवेतले पाणी ओढते, त्यात आपला पावसाळा. चार दिवसांत बुरशी येते, आणि बुरशीचे विष डुकराच्या यकृतावर जाते, वाढ खुंटते. म्हणून कांडी पसरून पुरती गार होऊ द्यावी, पोती फळ्यांवर ठेवावीत. आषाढ-श्रावणात आठवड्याला लागेल तेवढाच माल करावा.

मळीत पालाशाचे क्षार खूप असतात. त्यामुळे जास्त मळी खाल्लेले डुक्कर पाणी फार पिते आणि शेण पातळ टाकते. क्यूबा हा आपल्यासारखाच उसाचा देश. तिथे १९६० नंतरच्या दशकात टी. आर. प्रेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांना मळीवर पोसून पाहिले. शेवटची मळी भरपूर घातली की हगवण लागे. साखर न काढलेला, आटवलेला उसाचा रस मात्र चांगला मानवे. साखर काढून घ्यावी तसे मागे क्षार दाटतात, हे त्याचे कारण.

आता घरच्या बाईमाणसांनी मुद्दाम वाचावे असे. नुकत्याच जन्मलेल्या पिलांची देखभाल बहुधा त्यांच्याच हाती असते. पिलू अशक्त दिसले की मायेने गूळपाणी पाजले जाते. ते देऊ नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पिलाच्या आतड्यात उसाची साखर पचवणारा पाचक रस जवळजवळ नसतो. आईच्या दुधातली साखर वेगळी, ती त्याला पचते. गूळ, काकवी, साखर न पचता आतड्यात राहते, पाणी ओढते, हगवण लागते. एवढेसे पिलू दिवसभरात सुकून जाते आणि आपण थंडीने गेले म्हणतो. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक मिळणे हेच त्याचे औषध. अगदीच गळाले असेल तर औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर कोमट पाण्यातून चमच्याने द्यावी, ऊब द्यावी आणि पशुवैद्यकाला बोलवावे. गोडसर कांडीची सवय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर, थोडीथोडी लावावी.

गाईम्हशींसाठी युरिया-मळीच्या चाटण विटा मिळतात, त्या डुकरांना घालू नयेत. युरियापासून प्रथिने तयार करणारे सूक्ष्मजंतू रवंथ करणाऱ्याच्या पोटात असतात. डुकराचे पोट एकच, त्याला युरियाचा उपयोग नाही. गोठा आणि डुकरांचा वाडा एकाच आवारात असेल, तर दोन्हींचे खाद्य वेगळ्या पोत्यांत, खूण करून ठेवावे.