पिसे काढा, उकाडा जाईल!

गेल्या चैत्रात आमच्या तालुक्याच्या गावी कुक्कुटपालकांचा मेळावा भरला असता एका विद्वान वक्त्यांनी पडद्यावर एका कोंबडीचे चित्र दाखविले. अंगावर नावाला पीस नाही, पायांवर खवले नाहीत. नुसती तांबूस, सुरकुतलेली कातडी, आणि त्या कातडीत दोन डोळे मात्र जिवंत. सभेत हशा पिकला. वक्ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे जमाखर्च मांडला: पिसे उपटण्याची मजुरी वाचेल, गरम पाणी वाचेल, पंख्यांची वीज वाचेल, आणि पिसांत 'वाया' जाणारे प्रथिन मांसाकडे वळेल. जित्या पक्ष्याची पिसे हा अपव्यय होय, हा सिद्धांत मी त्या दिवशी प्रथमच ऐकला.

1954 साली कॅलिफोर्नियात आनुवंशिक विकृती घेऊन जन्मलेल्या पक्ष्यांपासून हे बिनपिसाचे वाण पुढे प्रयोगशाळांतून जपले गेले. 2002 साली इस्रायलमधील रेहोवोतच्या कृषिशास्त्रज्ञांनी त्याचा संकर मांसल ब्रॉयलरशी घडवून उष्ण देशांसाठी म्हणून जगापुढे मांडला. आपल्या बाजारात ही कोंबडी आज नाही. परंतु जिच्या पोटी ती निपजली ती वृत्ती येथे केव्हाच येऊन स्थिरावली आहे, आणि या पत्रकाचा रोख त्या वृत्तीवर आहे.

वैशाखात दुपारी दोन वाजता कोणत्याही पोल्ट्रीत जाऊन उभे राहावे. तापलेल्या पत्र्याखाली, तुसावर, दर पक्ष्यास सुमारे 1 चौरस फूट जागेत, जेमतेम पाच आठवड्यांची ती पिले चोच वासून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकीत असतात. बाजूंना ओली गोणपाटे लोंबत असतात, आणि मालक सकाळपासूनच्या मरतुकीचा आकडा वहीत चढवीत असतो. हा उकाडा केवळ सूर्याचा नव्हे. कॅनडातील संशोधकांनी 1957 सालचे जपून ठेवलेले वाण आणि 2005 सालचे वाण एकाच खाद्यावर वाढविले, तेव्हा 56 दिवसांत पहिले 905 ग्रॅम भरले आणि दुसरे 4202 ग्रॅम! एवढ्या वेगाने मांस चढविणारे शरीर ही स्वतःच एक पेटती चूल असते. चूल आपण पेटविली. आता भाजते म्हणून पक्ष्याच्या अंगावरचा सदरा काढून घेण्याची तजवीज चालली आहे, आणि तिला भूतदया असे नाव देण्याची मखलाशीही सोबत आहेच.

ही मसलत नवी नाही. अंड्यांच्या कोंबड्या पिंजऱ्यांत दाटीने कोंबल्या, त्या एकमेकींना टोचू लागल्या, तेव्हा पिंजरा मोठा करावा हे कोणाच्या मनात आले नाही, चोच छाटली. खुराड्यात जे मावत नाही ते जनावराचे कापावे, खुराड्यास मात्र धक्का लागू नये, असा हा दंडक आहे.

'जन्मतःच पिसे नाहीत, तर तिला दुःख कसले?' असे विचारणारे गृहस्थ मला दर सभेत भेटतात. जन्मतः पांगळ्या मुलास चालण्याची आठवण नसते, सबब त्यास रस्त्यावरचे दगड बोचत नाहीत, असे म्हणण्यासारखेच हे आहे. ऊन, ओरखडा आणि डास यांना कातडी पुरते. आठवण लागत नाही. माझ्या आजीची खुडूक कोंबडी पावसाची सर येताच डालग्याशेजारी अंग फुलवून बसे, आणि नऊ पिलांपैकी एकाचेही शेपूट बाहेर दिसत नसे. या नव्या आईने फुलवावे काय?

'सहा आठवड्यांचेच तर आयुष्य!' हा दुसरा युक्तिवाद. तो हिशेबातही चुकीचा आहे. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणजे सगळी पैदास बिनपिसाची हवी, तर ज्यांच्यापासून ती करावयाची ते नरमादीही तसेच उघडे ठेवावे लागतील, आणि त्यांना वर्षाहून अधिक काळ जगवावे लागेल. पंखांच्या आधाराविना तोल सावरू पाहणाऱ्या कोंबड्याच्या नख्या कोंबडीच्या उघड्या पाठीवर काय करतील, हे पोल्ट्रीवाल्यांना मी सांगावे असे नाही.

'जनुकांत हात घातलेला नाही, हा निसर्गाचाच चमत्कार आहे', हेही ऐकून घेतले. निसर्गात दोन डोक्यांचे वासरूही जन्मते. ते जन्मले हा अपघात. त्याची खिल्लारे वाढविणे हा मात्र माणसाने केलेला ठराव ठरतो, आणि त्याची जबाबदारी निसर्गाच्या खाती टाकता येत नाही. गरिबाला स्वस्त मांस मिळेल, या आश्वासनाविषयी अधिक लिहीत नाही. करारावर पिले सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचा दर कोण ठरवितो आणि त्या दरातून त्याच्या पदरी काय पडते, हे वाचकांस ठाऊक आहे.

मेळावा संपता संपता मागच्या बाकावरील एका म्हाताऱ्या पोल्ट्रीवाल्याने उठून विचारले, "साहेब, रातच्याला डास फोडून खातील, त्याचं काय?" वक्त्यांनी क्षणभर विचार केला. "जाळी लावावी," ते म्हणाले, आणि जाळीचा फुटाला काय भाव पडतो तेही त्यांनी तत्परतेने सांगितले.