हक्काचा घास लोकवर्गणीवर नको

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचा निर्णय घेतला. सव्वा वर्षही उलटले नाही तोच, जानेवारी 2025 च्या शासन निर्णयाने या अंड्यांचा निधी थांबवला. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व हे पदार्थ ऐच्छिक ठरले. अंडी आणि साखर हवी असेल तर शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. रक्कम किती वाचली यापेक्षा गंभीर प्रश्न वेगळा आहे. कायद्याने ज्याची जबाबदारी सरकारवर टाकली, त्या आहाराचा सर्वांत पौष्टिक भाग सरकारने गावाच्या दातृत्वावर सोडला.

लोकसहभाग कुठे मिळतो? जिथे साखर कारखाना आहे, बाजारपेठ आहे, नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी आहेत, तिथे मुख्याध्यापकांच्या हाकेला कोणीतरी ओ देतो. धडगाव, मोखाडा, धारणी किंवा एटापल्लीच्या पाड्यांवर वर्गणी कोणाकडे मागायची? ज्या घरातून मूल उपाशीपोटी शाळेत येते, त्याच घराकडे का? गरज जिथे सर्वाधिक, तिथे दाते सर्वांत कमी. त्यामुळे ही व्यवस्था पोषणातील विषमता कमी करण्याऐवजी वाढवणारी आहे.

महाराष्ट्राला ही काटकसर परवडणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) राज्यातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालकांची वाढ खुंटलेली आहे, 36.1 टक्के कमी वजनाची आहेत आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश आहेत. चौथ्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 53.8 टक्के बालकांना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत हे प्रमाण 68.9 टक्क्यांवर गेले. 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमध्ये ते 48 वरून 54.2 टक्क्यांपर्यंत वाढले. रक्त कमी असलेल्या आईच्या पोटी कमी वजनाचे बाळ जन्मते, ते अंगणवाडीत येते आणि पुढे पहिलीच्या वर्गात बसते. म्हणून गरोदर मातेचा आहार, अंगणवाडीचा आहार आणि शाळेचा आहार या तीन योजना असल्या तरी काम एकच आहे.

या आहारामागे कायद्याचे बळ आहे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने मुलांचा, गरोदर स्त्रियांचा आणि स्तनदा मातांचा आहार हा हक्क केला. त्याच कायद्यात मातेला किमान 6,000 रुपये मातृत्व लाभ देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात 2017 च्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपयेच ठरले. हक्क कायद्यात लिहायचा आणि तरतूद करताना हात आखडता घ्यायचा, हे वारंवार घडत आले आहे.

शालेय आहारासाठी धान्य सोडून डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांचा दर मे 2025 पासून प्राथमिकला दररोज 6.78 रुपये आणि उच्च प्राथमिकला 10.17 रुपये आहे. अंगणवाडीतील बालकासाठी दिवसाला 8 रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी 9.50 रुपये हे दर 2017 मध्ये ठरले, आणि महागाई वाढत असताना वर्षानुवर्षे तेच राहिले. या पैशांत बालकाला 500 उष्मांक व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने देण्याची अपेक्षा आहे. दर अपुरा पडला की आमटी पातळ होते आणि भाजी नावापुरती उरते. अंडे मात्र पातळ करता येत नाही. सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने आणि ब-12 जीवनसत्त्व ते मुलाच्या ताटात थेट पोहोचवते. म्हणूनच आहारतज्ज्ञ त्याचा आग्रह धरतात.

चूल सांभाळणाऱ्या बाईचाही विचार व्हायला हवा. स्वयंपाकी-मदतनीसांच्या मासिक मानधनातील 1,000 रुपयांचा हिस्सा केंद्राने 2009 मध्ये ठरवला. राज्याने त्यात भर घालून ते 2,500 रुपये केले, तरी रोजगार हमीची मजुरीही यापेक्षा जास्त भरते. एवढ्या पैशांत तांदूळ निवडण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची कामे करणाऱ्या स्त्रियांच्या घरी पोषण कुठून येणार?

मार्ग काय, हे याच राज्याने दाखवून दिले आहे. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. त्यानंतरच्या सात वर्षांत दोन वर्षांखालील बालकांमधील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण लक्षणीयरीत्या उतरल्याचे 2012 च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात दिसले. 2015 मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ ताजे, गरम जेवण मिळू लागले. पुढे तिथल्या बालकांनाही अंडी वा केळी मिळू लागली. स्थानिक आहार समितीने गावातच अन्न शिजवावे, ही कल्पना घरी न्यायच्या आहाराच्या बंद पाकिटापेक्षा कितीतरी चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदारांना दूर ठेवण्यास सांगितले होते. तिकडे तमिळनाडूने 1982 पासून दुपारचे जेवण विस्तारत नेले आणि 2022 मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही सुरू केला.

अंड्याला काही जणांचा धार्मिक कारणाने विरोध आहे. त्यांच्या मुलांसाठी केळ्याची सोय मूळ निर्णयातच होती. ज्याला खायचे नाही त्याच्यावर सक्ती नको. पण ज्याला खायचे आहे आणि घरी मिळत नाही, त्याच्या ताटातून ते काढून घेण्याचा अधिकारही कोणाला नाही.

राज्य सरकारने अंडी व केळ्यांसाठी अर्थसंकल्पात कायमस्वरूपी तरतूद करावी आणि ती बाजारभावाप्रमाणे असावी. अंगणवाडी व शाळेच्या आहाराचे दर दरवर्षी महागाईशी जोडावेत, आणि केंद्राकडेही तोच आग्रह धरावा. स्वयंपाकी-मदतनीसांना जगता येईल इतके मानधन बाराही महिने द्यावे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील माता व मुलांना कारखान्याच्या तळावर आहार मिळेल याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर निश्चित करावी. लोकांनी शाळेला मदत जरूर करावी. ग्रंथालय उभारावे, खेळाचे साहित्य द्यावे. मुलांचे जेवण मात्र सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते सरकारी तिजोरीतूनच पार पडले पाहिजे.