सांगाड्यांची लढाई आणि हंसणारे विद्वान्

गेल्या पावसाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रपट-मंडळानें 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' हा १९६३ सालचा चित्रपट दाखविला. पडद्यावर तलवारी, जादू आणि राक्षस यांची गर्दी सुरू होतांच मागील रांगेंतून हंशा उठला, आणि खेळ संपल्यावर माझ्या एका व्यासंगी सहकाऱ्यांनीं त्या हंशावर शास्त्राची मोहोर उठविली. त्यांचें म्हणणें असें कीं, असले चित्रपट टाकाऊ असतात आणि टाकाऊ म्हणूनच गमतीचे वाटतात. हें मत सुशिक्षितांत आतां बरेंच रूढ झालें आहे, व मला तें उघड निंदेपेक्षांही अधिक घातक वाटतें. निंदक निदान वस्तूकडे पाहून रागावतो. हा नवा रसिक वस्तूकडे पाहतच नाहीं. तो आपल्याच शहाणपणाकडे कौतुकानें पाहत असतो.

कबूल करावयाचें तें आधीं कबूल करतों. या जातीच्या चित्रपटांत कचरा विपुल आहे. १९८२ सालच्या 'कोनॅन द बार्बेरियन'च्या यशानंतर जी रांग लागली, तींतील 'डेथस्टॉकर' (१९८३) सारख्यांत स्त्री म्हणजे लुटींतली एक जिन्नस, यापलीकडे कल्पना जात नाहीं. त्यांचें समर्थन माझ्याकडून होणार नाहीं. 'द सोर्ड अँड द सॉर्सरर' (१९८२) मधील नायकाच्या तलवारीला तीन पातीं असून तीं बाणासारखीं सुटतात. तेथें मलाही हंसूं आवरत नाहीं. खुद्द 'जेसन'मध्यें संवाद निर्जीव आहेत, नायक-नायिकांना आवाज दुसऱ्यांचे उसने द्यावे लागले आहेत, आणि कथा शेवटास पोंचण्यापूर्वींच चित्रपट संपतो.

पण मंडळी यांपैकीं कशालाही हंसली नाहीं. ती हंसली टालॉसच्या चालीला! कांशाचा तो अवाढव्य पुतळा करकरत मान वळवितो, चौथऱ्यावरून उतरतो आणि अडखळत चालूं लागतो. "किती तुटक हालचाल ही!" असा आक्षेप. अहो, पण कांशाचा पुतळा चालेल तरी कसा? ज्यांच्या हातची ही करामत, त्या रे हॅरीहाउझेन (१९२०–२०१३) यांनीं हालचाल सफाईदार व्हावी म्हणून उभा जन्म वेंचला. येथें मात्र जडपणा त्यांनीं हेतुपुरस्सर ठेवला आहे. नायक टाचेचें झांकण उघडतो, आंतला रस वाहून जातो, आणि तो धातूचा राक्षस दोन्ही हात गळ्याशीं नेऊन गुदमरतो. चेहऱ्यावर एक रेषाही हालत नाहीं, आणि तरीही ज्याच्याशीं आपलें वैर होतें त्याच्याबद्दल जीव कळवळतो.

शेवटची लढाई कशी घडली तेंही या मंडळींनीं समजून घ्यावें. नट आधीं नुसत्या हवेशीं तलवार खेळले. मग त्या चित्रित दृश्याशीं मेळ घालीत सांगाड्यांच्या लहानग्या, आंतून धातूचे सांधे असलेल्या बाहुल्या फिल्मच्या एकेका चौकटीसाठीं किंचित् किंचित् हलविल्या गेल्या. सांगाडे सात, प्रत्येकाचें डोकें, दोन हात, दोन पाय, म्हणजे चौकटीगणिक पस्तीस अवयव, आणि सेकंदाला चौकटी चोवीस! कांहीं मिनिटांच्या त्या लढाईला सुमारें साडेचार महिने लागले, आणि हलविणारे हात एकाच माणसाचे होते. त्या सातांतला एक सांगाडा तर १९५८ सालच्या 'सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद'मध्यें लढून आलेला जुना शिपाई.

भरतमुनींनीं लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केला, तो आमच्या विद्वानांना परीक्षेपुरता पाठ असतो. नाट्यधर्मी वस्तूला लोकधर्मी मापानें मोजूं नये, इतका साधा विवेक मात्र पडद्यासमोर त्यांना सुचत नाहीं. कोंकणांतल्या दशावतारांतला काळ्या वेषाचा संकासुर हा आपल्याच गांवचा माणूस आहे हें शेंबड्या पोरालाही ठाऊक असतें. तरी तें आईच्या पदराआड दडतें, आणि पुन्हां डोकावून पाहतें. तें पोर फसलेलें नसतें. त्यानें भिण्याला संमति दिलेली असते. आजच्या संगणकी राक्षसाचा केसन् केस खरा भासतो, पण त्याला अशी संमति मागावीशी वाटत नाहीं. सांगाड्यांच्या त्या किंचित् थरथरत्या चालींत ती प्रत्येक क्षणीं मागितलेली असते.

मलाही हें उशिरां कळलें. दहाव्या वर्षीं याच सांगाड्यांनीं मला दोन रात्री झोंपूं दिलें नव्हतें. पुढें कॉलेजांत असतांना ते पुन्हां दिसले, तेव्हां मी मोठ्यानें हंसलों; कारण शेजारी बसलेले हंसत होते. तें हंसणें अजून मला बोंचतें, म्हणूनच परवांच्या हंशावर इतकें लिहिण्याचा खटाटोप.

खेळानंतर मीं त्या सहकाऱ्यांना सहज विचारलें, "टालॉसच्या टाचेंतून काय वाहतें हो?" त्यांना सांगतां आलें नाहीं. त्या वेळीं ते मागें वळून मुलांना एक विनोद ऐकवीत होते.