थाप कोणापुढे मारावी?
तीन पत्तीत दर चार हातांपैकी सुमारे तीन हातांत साधी जोडीही नसते. म्हणून समोर एखादाच सावध, पत्ते पाहिलेला गडी असेल तर थाप खपते. तो पॅक होतो. ब्लाइंड खेळणारा कशाला घाबरेल? त्याने पत्ते पाहिलेलेच नसतात.

हरत असताना मात्र थाप मारूच नये. गेलेले पैसे परत आणायला माणूस कोणापुढेही चाल वाढवतो. एखादी खपते, आणि हरलेले डाव विसरून मेंदू तेवढीच लक्षात ठेवतो. थांबणे हाती राहिले नाही की तो जुगाराचा विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. त्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

बीडमध्ये ऊसतोडीला निघण्याआधी मजुरांच्या हाती मुकादमाची उचल असते. ती डावात गेली, तरी फेड हंगामभर कोयत्यानेच करावी लागते, आणि तो कोयता जोडीने चालतो, नवरा-बायकोचा.