पाटीवर दोन नावं, कागदावर एक

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण पडली तेव्हा ही दोन्ही कामं घरातली मोठी माणसं बघायची. हल्ली डोंबिवली-बदलापूरकडची तरुण जोडपी दोन्ही कामं स्वतःच, आणि तीही तिशीच्या आसपास उरकतात. पाडव्याला नाहीतर दसऱ्याला फ्लॅट बुक करायचा, वीस वर्षांच्या कर्जावर सह्या करायच्या आणि पुढची काही वर्षं मे महिन्यात कुणी ‘यंदा कुठे?’ विचारलं, की ‘यंदा घरीच!’ असं हसून सांगायचं. महाबळेश्वर नाही, कोकण नाही. फार तर मुलांचं आजोळ. दिवाळीचा बोनस कर्जात जातो. या जिद्दीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात बसताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहते आहे. दारावरच्या पाटीवर हौसेने दोघांची नावं असतात, आणि घराच्या करारनाम्यावर एकट्याचं! का, म्हणून विचारावं तर उत्तरं ठरलेली. ‘कर्ज त्यांच्या पगारावर मिळालं ना!’ ‘नोंदणीच्या दिवशी मला रजा नव्हती.’ आणि सगळ्यांत गोड उत्तर, ‘आमच्यात कसलं आलंय तुझं-माझं?’ अगदी खरं आहे. पण हे कागदाला कुठे कळतं?

आमच्याकडे आलेल्या एका मुलीची हकीकत सांगते. वय तेहतीस, पदरात सहा वर्षांची लेक. श्रावणात नवरा झोपेतच गेला. घर त्याच्या एकट्याच्या नावावर. तेरा दिवस झाले, माणसं आपापल्या गावी परतली. ‘यंदा गणपती नाही, यंदा आकाशकंदील नाही,’ हे सगळं घराने काटेकोर पाळलं. कागदांचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरात दुखवटा आहे म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. तीन महिने हप्ता थकला की खातं थकीत कर्जात जातं, आणि २००२ च्या कायद्याप्रमाणे बँक साठ दिवसांची नोटीस देऊन पुढची कारवाई करू शकते. ती आमच्याकडे आली ती पाचव्या महिन्यात, बँकेचं पत्र घेऊन.

कपाटातली फाइल उपसली तेव्हा कळलं, की कर्ज घेतानाच कर्जाचा विमा उतरवलेला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता! दावा दाखल झाला, बरंचसं कर्ज फिटलं, घर वाचलं. पण मग पुढचा प्रश्न आला. हे घर आता कुणाचं?

‘कुणाचं म्हणजे? माझंच ना?’ ती म्हणाली. बहुतेक जणींना असंच वाटतं. पण मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, मुलं आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे तिचा एक तृतीयांश, लेकीचा एक तृतीयांश आणि सासूबाईंचा एक तृतीयांश. सासूबाईंचा वाटा हा काही अन्याय नव्हे. त्या माउलीचाही मुलगाच गेलेला असतो, आणि म्हातारपणी तिलाही आधार हवाच. पण उद्या सासूबाई गेल्या, तर त्यांचा वाटा त्यांच्या सगळ्या मुलामुलींत आणि या नातीत विभागला जाणार. लेक अज्ञान, त्यामुळे तिच्या हिश्शाचं घर विकायचं तर कोर्टाची परवानगी लागणार. त्या मुलीला माहेरजवळ लहानसं घर घेऊन राहायचं होतं. दीर चांगले, नणंद चांगली, कुणाच्याही मनात पाप नव्हतं. तरी तिची दोन वर्षं चकरा मारण्यात गेली. मनात पाप असतं तर काय झालं असतं, हे तुम्हीच ओळखा.

मग कुणी म्हणतं, ‘आमच्या सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे!’ बायांनो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या राज्याच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्टच म्हटलं आहे, की खरे वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. नॉमिनेशन जरूर करावं, पण त्यावर विसंबू नये.

त्यापेक्षा घर घेतानाच करारनाम्यात दोघांची नावं घालावीत, म्हणजे बाईचा हिस्सा पहिल्यापासून तिचाच राहतो. सरकारने २०१५ साली आवास योजना आणली, तेव्हा घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं असा दंडकच घातला. आणि हे काही शहरी खूळ नव्हे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी करून दिल्या होत्या. मग नोकरदार माणसालाच एवढं जड का जावं? घर आधीच घेतलेलं असेल तर बक्षीसपत्राने हिस्सा देता येतो. पती-पत्नींमध्ये राहत्या घराच्या बक्षीसपत्राला आपल्याकडे मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती घ्यायची. आणि दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवावं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून हा विषय झटकू नका. मृत्युपत्र केल्याने कुणी मरत नाही.

आता सणांविषयी थोडं. शोकाच्या घरी वर्षभर कढई चढत नाही, म्हणून शेजारीपाजारी आणि नातलग फराळाचे डबे नेऊन देतात. ही आपली फार सुंदर रीत आहे. ती सोडू नये. पण त्याच शेजारणी संक्रांतीला हळदीकुंकू करताना त्या घराचं दार तेवढं गाळून पुढे जातात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक खेडं करू शकतं, ते आपल्या सुशिक्षित सोसायट्यांना का जमू नये?

मला तर वाटतं, लहान मुलं असलेल्या घरात पहिल्या दिवाळीला निदान एक पणती लागलीच पाहिजे. बाबा गेले हे दुःख त्या पोरांना आहेच. सगळ्या इमारतीत उजेड आणि आपल्याच दारात काळोख, ही शिक्षा त्यांना कशासाठी? ज्याने सुट्ट्यांवर पाणी सोडून हे घर उभं केलं, ते त्याने अंधारात बसण्यासाठी खासच केलं नव्हतं.

आणि भेटायला जाल तेव्हा नुसते डोळे पुसून परतू नका. पहिल्या महिन्यातच कुणी जाणत्या माणसाने तिच्याजवळ बसून फाइल उघडावी. कर्जाला विमा आहे का, हप्ता कोणत्या खात्यातून जातो, मृत्यूचा दाखला किती प्रतींत घेतला, एवढं तरी विचारावं. खीर-पुरीपेक्षा या चौकशीचा आधार मोठा असतो.

ज्यांच्या घरात आज सगळं ठीक आहे, त्या मैत्रिणींना एवढंच सांगणं आहे, की येत्या रविवारी दोघं मिळून कपाट उघडा. करारनामा, कर्जाचा विमा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाहेर काढा आणि कुठे कुणाचं नाव आहे ते वाचा. भांडायला नव्हे, चहा पीत पीत. घर दोघांनी मिळून बांधलंय ना? मग कागदालाही ते कळू द्या.